न दुखणारी जखम

(भवानी पेठ, सोलापूर येथे झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या पत्रिकेवर कापसाचा भाव आहे, पीकविमा आहे, वीजबिल आहे. त्यात माझ्या नावापुढे ‘नसा आणि दुखणं’ असं लिहिलेलं पाहून मघाशी चहा घेताना दोघातिघांनी विचारलं, “साहेब, तुम्ही शेतीचे पदवीधर. डॉक्टर कधी झालात?” झालो नाही. डॉक्टरकी मला येत नाही आणि आज मी कुणालाही गोळी सांगणार नाही. पण गेली काही वर्षं गावोगाव फिरताना मला एक खोड लागली आहे. पारावर बैठक बसली की मी माणसांच्या तोंडाकडे बघायच्या आधी पायांकडे बघतो. ही खोड घरातून लागली, म्हणून आधी घरातलं सांगतो.

माझे थोरले चुलते. कोरडवाहू ज्वारीचं रान, बारा वर्षांची साखर. एका संध्याकाळी रानातून आले, ओसरीच्या पायरीशी चप्पल काढायला लागले तर एका पायातली निघेना. चुलतीनं वाकून पाहिलं. बाभळीचा काटा चप्पल फोडून थेट तळपायात शिरला होता. खिळा ठोकावा तशी चप्पल पायाला ठोकली गेली होती, आणि चुलते दुपारपासून तिच्यावर चालत होते. काटा उपसला, हळद भरली. चुलते हसत म्हणाले, “कमावलेलं कातडं आहे, कळलंसुद्धा नाही.” आम्ही सगळे हसलो. कृषी विद्यापीठाची पदवी घेतलेला मीसुद्धा हसलो.

तिसऱ्या आठवड्यात पायाला वास यायला लागला. आधी अंगठा गेला. दोन महिन्यांनी गुडघ्याखालून पाय गेला.

आता यातली खरी गोम ऐका. याच चुलत्यांना त्याआधी दोन वर्षं रात्रीची झोप नव्हती. तळपायाची आग व्हायची. अंगावर आपली सोलापुरी चादर घेतली तरी पावलं बाहेर काढून झोपायचे. पावलाला चादर घासली की निखाऱ्यावरून ओढल्यासारखं व्हायचं. एका डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, “आग होते म्हणजे संवेदना शाबूत आहे, काळजी नको.” आणि दुखणं थांबवायची गोळी दिली. ज्या पावलाला चादर सोसत नाही त्याच पावलाला बाभळीचा काटा कळत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? मला हे कोडं बरीच वर्षं सुटलं नव्हतं.

ते सुटलं विहिरीवर. तुमच्यापैकी ज्यांच्या विहिरीत मोटार आहे त्यांनी आठवून बघा. उंदरानं केबल कुरतडली की काय होतं? मोटार चालत नाही. पण त्याच केबलला ओला हात लागला तर झटका बसतो. मोटारीला वीज पोचत नाही म्हणून केबल मेली असं कुणी म्हणत नाही, आणि झटका बसला म्हणून केबल चांगली आहे असंही कुणी म्हणत नाही. बिघाड एकच, त्याची तोंडं दोन. इजा झालेल्या नसेचं अगदी तसंच आहे. काही तंतू तुटले की तिथली खबर मेंदूला पोचत नाही, ते बधिरपण. उरलेले अर्धवट दुखावलेले तंतू काही कारण नसताना ठिणग्या टाकतात, ती आग. शिवाय अशी खोटी खबर रात्रंदिवस येत राहिली की पाठीच्या कण्यातली मज्जारज्जूसुद्धा हळवी होते. ती साध्या स्पर्शाचं दुखणं करून वर पाठवते. म्हणून चादर निखारा होते.

नस म्हणजे मी रक्ताची शीर म्हणत नाही. बोलताना आपण दोन्हीला नसच म्हणतो आणि त्यातून घोटाळा होतो. मी बोलतोय ते मज्जातंतूंबद्दल. आपण मागवाल्यांच्या गावात बसलो आहोत, तेव्हा सुताचा पिंडा डोळ्यांसमोर आणा. एका नसेत हजारो धागे. जाड धागे स्पर्श आणि हालचालीची खबर नेतात, बारीक धागे दुखणं आणि गरम-गार यांची. अंगठ्याची खबर नेणारा एक धागा कमरेच्या मणक्यापासून अंगठ्यापर्यंत, जवळजवळ एक मीटर लांब. त्याला लागणारं सगळं वरच्या पेशीत तयार होऊन खाली वाहत येतं. मग साखरेनं नसा कमजोर झाल्या की आधी कोण मरतो? कालव्याच्या टेलचा शेतकरी! उजनीच्या कालव्यावर पाणी कमी पडलं की आधी टेलचं रान कोरडं पडतं, हे या जिल्ह्यात मी कुणाला शिकवायला नको. म्हणून साखरेचं बधिरपण बोटांपासून सुरू होतं, मोजा चढवावा तसं वर सरकतं, आणि ते गुडघ्याच्या जवळपास आलं की मग हाताची बोटं धरतं.

नसेची ही आग जगाला कशी समजली, त्याची गोष्ट कापूसवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना, म्हणून मुंबईच्या बाजारात आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६५ ला युद्ध संपताच तो बाजार कोसळला. तेवढं आपल्याला माहीत असतं. त्याच युद्धात फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयात वेअर मिचेल नावाचे डॉक्टर नसेला गोळी लागलेल्या शिपायांची नोंद ठेवत होते. जखम भरून आलेली, वरून काही दिसत नाही, पण हाताची आग अशी की शिपाई दिवसभर हाताला ओलं फडकं गुंडाळून बसायचे. कोरड्या कातड्याला काहीही घासलेलं सोसायचं नाही. काहीजण बुटात पाणी ओतून चालायचे. या माणसांना भेकड म्हणणं सोपं होतं. मिचेलनी ते म्हटलं नाही; त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जखम बरी झाली तरी नस बरी झालेली नसते, हे तिथून कागदावर आलं. आपल्या घरातली म्हातारी तळपाय ओल्या फरशीवर टेकवून बसते तेव्हा तिला नाटकी म्हणण्याआधी हे शिपाई आठवा.

दुसरी बाजू, म्हणजे दुखणंच गेलं तर काय होतं, ती आपल्याकडे समजली. आणि समजली ती ज्या रोगाला आपण महारोग म्हणून गावाबाहेर काढलं त्या कुष्ठरोगात.

तुमच्या-माझ्या आजीनं सांगितलेलं असतं की महारोगात बोटं झडतात. डॉक्टरसुद्धा तेच समजत होते. १९४६ मध्ये पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात आले. एकदा एका गंजलेल्या कुलपात किल्ली फिरेना. जवळ उभ्या असलेल्या किरकोळ अंगाच्या एका कुष्ठरोगी मुलानं ती झटकन फिरवली. ब्रँडना आश्चर्य वाटलं, आणि मग जमिनीवर रक्त दिसलं. मुलाचं बोट हाडापर्यंत कापलं होतं. तो ब्रँडपेक्षा ताकदवान नव्हता. आपल्याला दुखतं म्हणून आपण जिथं थांबतो तिथं थांबायचं त्याला कुणी सांगत नव्हतं. पुढं रुग्णांनीच रोज हातापायांची तपासणी सुरू केली, तेव्हा एकेका जखमेचा हिशेब लागला. ही चुलीवरचं भांडं उचलताना, ही कुदळीच्या दांड्यानं. काहींची बोटं रात्रीत तुटलेली सापडत, त्याचा हिशेब लागेना. रात्री पहारा ठेवला तेव्हा दिसलं की झोपलेल्या माणसाचं बोट उंदीर कुरतडतोय आणि माणूस जागा होत नाही. म्हणजे बोटं रोगानं झडत नव्हती. न कळलेल्या जखमा, त्यांत शिरलेले जंतू आणि त्याच हातानं चालू राहिलेलं काम, यांनी ती झिजत होती.

आपल्या महाराष्ट्रात हे काम थोडंथोडकं झालेलं नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. महारोगी सेवा समिती १९४९ ची. तिथल्या माणसांनी बधिर हातांनी विहिरी खणल्या, माळरानाचं रान केलं. कोरडवाहू शेतकऱ्यानं हे वाक्य दोनदा ऐकावं. कुदळीचा दांडा तळहाताला किती घासतो हे कळत नसताना त्यांनी कुदळ चालवली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या डॉ. नोशीर अंटियांनी वाकडी झालेली बोटं शस्त्रक्रियेनं सरळ करायचं काम केलं आणि पुढं या रोगात नस मरते कशी याच्या संशोधनातही लक्ष घातलं. ८०च्या दशकाच्या सुरुवातीला बहुविध औषधोपचार आला, तो देशात अगदी आधी ज्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत आपला वर्धा होता.

आज हा उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतो, सहा महिने किंवा बारा महिने. २००५ च्या अखेरीस सरकारनं जाहीर केलं की देशपातळीवर कुष्ठरोग ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नाही. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला. संपला नाही; देशात अजून वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. औषधानं जंतू मरतात, पण मेलेली नस जिवंत होईलच असं नाही, म्हणून वेळ महत्त्वाची. कोपराच्या आतल्या हाडाशी जी नस आपटली की मुंग्या येतात, तीच नस या रोगात जाड होते आणि दुखते. बोटांची ताकद गेली, बधिरपण आलं, आणि त्याला अजून सहा महिने झाले नसतील, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड देऊन पुष्कळदा नस वाचवता येते. चट्टा लपवण्यात तेच सहा महिने जातात. जावई काय म्हणेल, सून काय म्हणेल! कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागता येईल ही तरतूद कायद्यातून २०१९ मध्ये निघाली. कायद्यातून निघालेली गोष्ट गावाच्या मनातून निघायला वेळ लागतो, हे मी रोज बघतो.

मायबहिणींना एक सांगायचं आहे. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटताना पूर्वी चटका बसायचा आणि आता बसत नाही, असं झालं असेल तर “हात सरावला” म्हणून सोडून देऊ नका. सरावलेल्या हातालाही चटका कळतो, तो फक्त सोसतो. कळतच नसेल तर दाखवा. करंगळीच्या बाजूला एखादा फोड उठलेला असेल आणि तो कधी उठला हे आठवत नसेल, तर उद्याच दाखवा.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. पदवीनंतर काही वर्षं मी कीटकनाशकं विकणाऱ्या एका कंपनीत होतो. बोंडअळीला कोणतं औषध, किती मिली, हे मी शेकडो शेतकऱ्यांना सांगितलं. हातमोजे आणि तोंडाचा मुसका यांबद्दल माहितीपत्रकात शेवटी बारीक अक्षरात होतं, तेवढंच बारीक मी बोललो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या वेळी ज्या औषधांची नावं पुढं आली त्यांत प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचं एकाच बाटलीतलं मिश्रण होतं. माणसाच्या नसेला हे दोघे वेगवेगळे भिडतात, आणि तेवढं मला तेव्हाही पुस्तकातून माहीत होतं.

सायपरमेथ्रिन कातड्यावर पडलं की कातड्यातल्या बारीक नसा आपोआप पेटतात. फवारणीनंतर तोंडाची आग होते, मुंग्या येतात, उन्हानं आणि घामानं वाढते, बहुधा एका दिवसात उतरते. तिथं जखम काही नसते. ही आग म्हणजे औषध अंगावर आलं याची वर्दी आहे. ती त्रास देते, पण तिचे उपकारच म्हणायचे. फॉस कुळातली औषधं अशी वर्दी देत नाहीत. ती कपड्यातून, कातड्यातून मुकाट्यानं आत जातात. डोळ्यांची बाहुली बारीक होते, लाळ सुटते, छाती भरते. ते तुम्ही पाहिलेलं आहे. त्यातून माणूस वाचतो, घरी येतो, गावकरी नारळ फोडतात. या कुळातल्या काही औषधांची मोठी बाधा झालेल्या काही लोकांना मग दोन-तीन आठवड्यांनी पोटऱ्यांत गोळे येतात, पावलांना मुंग्या येतात, आणि पुढं पाऊल उचलेनासं होतं, चालताना फटफट आपटतं. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, ताकदीचं इंजेक्शन द्या. तो अशक्तपणा नसतो, लांब नसांचं टोक मेलेलं असतं. म्हणून दवाखान्यातून सुटलेल्या माणसाला महिनाभर चालायला लावून बघत जा आणि कागदपत्रं फेकू नका. एक आठवण देतो. १९८८ मध्ये कलकत्त्याच्या बेहाला भागात शेकडो लोकांचे पाय असेच लुळे पडले. त्यांनी काही फवारलं नव्हतं. खायच्या तेलात याच नातेसंबंधातलं कारखान्याचं एक रसायन मिसळलं गेलं होतं. औषधाचा रिकामा डबा धुऊन घरात तेलाला वापरणारे या सभेतही असतील.

आणि आता पैशाचं बोलतो, कारण आपल्या बैठकीत त्याशिवाय बोलणं पुरं होत नाही. शेतकऱ्याचा पाय मळणीयंत्रात गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक लाख रुपये मिळतात; दोन्ही अवयव गेले किंवा मृत्यू झाला तर दोन लाख. फवारणीची विषबाधा त्यात धरतात. चुलत्यांचा पाय बाभळीच्या काट्यानं गेला. काटा रानातला, काम रानातलं. पण कागदावर कारण लिहिलं गेलं ‘मधुमेह’, म्हणजे आजार, म्हणजे अपघात नाही. घराला एक पैसा मिळाला नाही, दवाखान्यासाठी दीड एकर गेलं. मला विचाराल तर ज्याला काटा कळत नाही अशा माणसाला काटा लागणं हा अपघातच आहे, उलट दुप्पट अपघात आहे. ही मागणी आपण जिल्ह्याच्या निवेदनात घालावी असा माझा आग्रह आहे. कुष्ठरोग्यांना बधिर पायासाठी मऊ रबराच्या खास चपला सरकारी योजनेत फुकट मिळतात. साखरेनं बधिर झालेल्या शेतकऱ्याच्या पायात आणि त्या पायात बाभळीला फरक कळत नाही. तीच चपल त्यालाही मिळायला काय हरकत आहे?

निवेदनाला उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर रात्री जेवण झालं की दिव्याखाली तळपाय बघा. स्वतःला दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा, नाहीतर नातवाला सांगा. त्याची नजर चांगली असते आणि त्याला मजा वाटते. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटका आणि आतून हात फिरवा. पाय शेकायला गरम पाणी घेतलं तर त्यात आधी घरातल्या चांगल्या माणसाचा हात घाला. नस मेली की तिथला घामही बंद होतो, कातडं कोरडं पडून टाचेला भेगा जातात, म्हणून पाय भिजवून तेल लावा. आणि तळपायाची आग होत होती ती आपोआप कमी झाली तर पेढे वाटू नका. औषधानं, साखर ताब्यात येऊन कमी झाली तर चांगलंच. काही न करता थांबली असेल तर ठिणग्या टाकणारे तंतूही मेले असण्याची शक्यता आहे. आगीवर मेडिकलमधून दुखण्याची साधी गोळी महिनोन् महिने खाऊ नका. नसेच्या आगीवर ती फारशी चालत नाही आणि साखरवाल्याची मूत्रपिंडं खाते. नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी आहेत, ती डॉक्टर देतात.

मी येताना पिशवीत कापूस आणलाय. आपलाच, घरचा. बैठक संपली की ज्यांना साखर आहे, ज्यांना कुठं न खाजणारा, न दुखणारा चट्टा आहे, ज्यांना कधी फवारणीची बाधा झाली आहे, त्यांनी मागच्या खोलीत थांबावं. डोळे मिटायचे, मी कापसाची वात कुठं टेकवली ते बोट ठेवून सांगायचं. सुई नको, विडी तर मुळीच नको. मागच्या बैठकीत एकानं पेटती विडी टेकवून परीक्षा घेतली आणि फोड घेऊन घरी गेला. कापूस कळला म्हणजे सुटलो असंही समजू नका. दवाखान्यात एक नायलॉनचा तंतू असतो, तो वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. तो ज्याला कळत नाही त्याच्या पायाला धोका आहे, हे पक्कं कळतं. ज्यांना कापूस कळणार नाही त्यांची नावं मी लिहून घेणार आहे आणि सोमवारी सगळे मिळून सरकारी दवाखान्यात जाणार आहोत. बायकांसाठी खोली वेगळी आहे, तिथं आपल्या ताई बघतील.

पाय धुवायला नळ मागच्या अंगणात आहे. बादली एकच आहे, घाई करू नका.